मान हलवली, एवढंच

"मॅडम, एक मुका माणूस आणलाय चौकीवर. कबुली दिलीय त्याने. आता फक्त कागदापुरतं तुम्ही या," फोनवरचा हवालदार म्हणाला, आणि ती नेलकटर हातात धरून खिडकीशी तशीच उभी राहिली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. डाव्या हाताची नखं कापून झाली होती, उजव्याची राहिली होती. ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. पंचवीस वर्षं तिने बहिऱ्या माणसांचं बोलणं डॉक्टरांना, मास्तरांना, बँकेतल्या कारकुनांना सांगितलं होतं आणि त्यांचं यांना. त्यामुळे नखं आखूड, बोटात अंगठी नाही, कपडे एका रंगाचे. समोरच्याचं लक्ष हातावरून घसरू नये म्हणून. "कबुली कशी दिली?" तिने विचारलं. "कशी म्हणजे? साहेबांनी विचारलं, त्याने मान हलवली. दोनदा हलवली." हवालदाराचा आवाज काही वाईट नव्हता. एखादा जिन्नस दुकानात मिळाला असं सांगावं, तसा होता. तिने पुढे काही विचारलं नाही. उजव्या हाताची नखं तशीच ठेवून ती जिना उतरली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपलीच मान हलतेय. खाली-वर, खाली-वर. शेजारची बाई बघत होती.

ही मान तिला पाठ होती. दादाची मान. ऐकू न येणाऱ्या माणसाला ऐकू येणाऱ्यांच्या जगात दिवसातून पन्नास वेळा वापरावी लागते ती. समोरच्याचे ओठ हलत राहतात, भुवया वर जातात, आणि तो वाट बघत थांबतो. त्याच्या थांबण्यातच एक चीड असते. मग मान हलवायची. मान हलली की त्याचं समाधान होतं, तो तोंड मिटतो आणि आपल्या वाटेने जातो. त्या मानेत 'हो' नसतं. 'समजलं' तर मुळीच नसतं. 'झालं ना आता, सोडा मला' एवढंच असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उलट तिनेच शिकवलं होतं, आणि ही गोष्ट तिने आजवर कुणाजवळ काढली नव्हती. ती सात वर्षांची, दादा दहाचा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानाची काच फुटली. आई-बाबा कामावर गेलेले. औषधवाला पोलिसाला घेऊन थेट दारात आला. पोलीस दादाकडे बघून काहीतरी मोठ्याने विचारत होता, दादा त्याच्या मिश्यांकडे बघत होता, आणि ते कधी जातील असं तिला झालं होतं. तिने दादाला खूण केली: मान हलव, म्हणजे हे जातील. दादाने मान हलवली. ते गेले. संध्याकाळी बाबा आले, औषधवाल्याशी बोलून आले, रात्रभर आईशी हळू आवाजात काहीतरी बोलत बसले. पंधरा दिवसांनी दादाची पेटी भरली गेली. दुसऱ्या शहरातली बहिऱ्या मुलांची निवासी शाळा. चार वर्षं. आईने पेटीच्या झाकणावर त्याचं नाव रंगवलं, आणि त्याला नाव वाचता येत नाही म्हणून शेजारी एक मासा काढला. त्या माशाला डोळा काढायचा राहून गेला होता. दुभाषी होण्याचं वेड तिने कुठून घेतलं, असं लोक कौतुकाने विचारत तेव्हा ती म्हणे, घरातच दादा होता ना. खरं कारण तो बिनडोळ्याचा मासा होता.

चौकीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. बाकावर साठीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा. शेजारी एक खुर्ची होती. बसायला म्हणून नाही, मुद्देमाल म्हणून: जुनी, लाकडी, बैठकीचा वेत मध्येच फाटून लोंबणारी. तिला ताबडतोब कळलं. चिरा वेताच्या. हे काका खुर्च्या विणणारे. तिला बघताच त्यांनी मान हलवली. तिने हात वर करून म्हटलं, नमस्कार, मी दुभाषी. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला बघवेना. चार तास बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसे त्यांचे हात एकदम सुटले. सकाळी सहापासून, काय झालं कळत नाही, खुर्ची आणली, एक बाई ओरडली, ओरडली हे तोंडावरून कळलं, मग गाडी. घरी बायको. तिला माहीत नाही.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं. साहेब तरुण होते, डोळ्यांत जागरण. तिने जसंच्या तसं सांगितलं, 'मी'च्या भाषेत: "सकाळी सहापासून मी इथे आहे. काय झालं ते मला कळत नाही." साहेब म्हणाले, "कळत नाही कसं? कबूल केलंय. बहात्तर नंबरच्या घराच्या ओसरीवरून खुर्ची उचलली आणि आत खिडकीतलं बाईंचं मनगटी घड्याळ. शेजारणीने बघितलंय खुर्ची नेताना. मी विचारलं, घेतलं का? हा हो म्हणाला. तुम्ही फक्त हा कागद त्याला वाचून दाखवा, हक्कांचा. नियम आहे. मग सही."

"मान हलवणं म्हणजे हो नव्हे, साहेब," ती म्हणाली.

"मग काय?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते बसमध्ये विचार करताना जितकं सोपं वाटलं होतं तितकं तोंडाने सांगायला सोपं नव्हतं. तेवढ्यात टेबलाच्या कडेला बसलेल्या हवालदाराला काय सुचलं कुणास ठाऊक. हाच तो फोनवरचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. तो पुढे झुकला आणि अगदी गंभीर तोंडाने म्हणाला, "काका, काल तुम्ही विमान चालवत होतात का?" काकांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, भुवयांकडे बघितलं, आणि मान हलवली. हवालदार हसला. मग त्याचं हसू आपोआप विरलं, आणि तो चष्मा खाली घेऊन टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला, ज्यावर त्याच्याच अक्षरात 'आरोपीने गुन्हा मान्य केला' असं होतं.

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. तिला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, नळातून पाणी जातं, नळाला तहान लागत नाही. म्हणून तिने काकांना विमानाचंही सांगितलं. सांगताना तिचे कान तापले. काकांचे कान लाल झाले. मग त्यांचे हात सावकाश उठले. "मग मला असंही विचारा," तिने हवालदाराकडे बघत त्यांचं बोलणं सांगितलं, "की मी ते उतरवलं कुठे." हवालदार उठला आणि कुणी न सांगता पाण्याचा पेला घेऊन आला. काकांसमोर ठेवताना "चुकलं माझं" असं पुटपुटला. तिने तेही सांगितलं. साहेबांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "बरं. तुमच्या पद्धतीने सांगा. पण नीट सांगा, उद्या कुणी म्हणायला नको."

आधी कारण. तुम्हाला इथे का आणलं ते तुम्हाला कळायला हवं, हे त्या कागदावर पहिल्या ओळीत छापलेलं होतं, आणि चार तासांत तेवढंच झालं नव्हतं. तिने सांगितलं: खुर्ची, आणि घड्याळ. मनगटावर बोट टेकवलं. काकांनी स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कसलं घड्याळ? त्यांच्या तोंडावरचा तो प्रश्न इतका उघडा होता की दुभाष्याची गरज नव्हती. साहेबांनी तो बघितला हे तिने बघितलं. मग दुसरी ओळ: तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे. तिने बोट ओठांवर ठेवलं, मग हक्काची खूण केली. काका हसले. आवाज न करता, खांदे हलवत. "गप्प?" त्यांचे हात म्हणाले, "ते मला जन्मापासून आहे. त्याला हक्क म्हणतात होय?" तिने हेही भाषांतर करून सांगितलं.

खूण चुकली होती. शब्द बरोबर होता आणि खूण चुकली होती. बोलणाऱ्यांचं गप्प बसणं तोंडात असतं. यांचं कुठे असतं? तिने पुन्हा सुरुवात केली. हे साहेब, हे प्रश्न विचारणार. एक, दोन, तीन, कितीही. तुम्हाला वाटलं तर उत्तर. नाही वाटलं तर नाही. हात खाली. हात खाली ठेवले म्हणून साहेबांनी रागवायचं नाही, मारायचं नाही, चोर म्हणायचं नाही. काका मान हलवू लागले. ती थांबली. पंचवीस वर्षांत किती डॉक्टरांसमोर ही मान आली असेल, आणि वेळ नाही म्हणून, रांग मोठी आहे म्हणून, आपणही दमलोय म्हणून तिने किती वेळा पुढे जाऊ दिलं असेल, हे तिला एकदम आठवलं; एकही चेहरा नाही, नुसत्या माना. "समजलं का असं मी विचारणार नाही," ती काकांना म्हणाली, आणि साहेबांना कळावं म्हणून तोंडानेही तेच बोलत राहिली. "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा."

ते त्यांना जमेना. त्यांनी सांगितलं, साहेब विचारणार, मी उत्तर देणार. नाही. त्यांनी सांगितलं, मी हात खाली ठेवायचे, हा हुकूम आहे. तेही नाही. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग बघणं सोडून दिलं आणि हनुवटीखाली हात घेऊन त्या दोघांच्या हातांकडे बघू लागले. तिसऱ्यांदा सांगताना तिने वकिलाचंही घेतलं: पोलिसांचा नाही, साहेबांचा नाही, तुमचा. तो येईपर्यंत थांबता येतं. तो शेजारी बसतो. घरी निरोप देता येतो. कागद न कळता सही करायची नाही. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, तिला फार आवडली ती आठी. मान हलवणाऱ्याच्या कपाळावर ती कधी नसते. आणि आठीसकट त्यांनी विचारलं: "मी निर्दोष आहे. खुर्चीचं सगळं सांगता येईल मला. पत्ता लिहिलेला कागद खिशात आहे. तू सांग. आता बोलू, की वकील येऊ दे?"

तिचे हात उठले होते. तेवढं तिला नंतरही आठवत राहिलं, की हात आपले आपण उठले होते. बोला, काका, सांगून टाका, पाच मिनिटांत घरी जाल. हे वाक्य बोटांच्या टोकाशी येऊन उभं होतं. त्या माणसाचा चेहरा बघून कुणीही हेच म्हटलं असतं. आणि त्याच वेळी दारातला पोलीस, त्याच्या मिश्या, दहा वर्षांच्या मुलाचे आपल्याकडे लागलेले डोळे. तेव्हाही लवकर सुटायचीच घाई होती. तिने हात खाली घेतले, मांडीवर ठेवले, आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "ते मला विचारताहेत, आता बोलू की वकील आल्यावर. याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मी दुभाषी आहे." मग काकांकडे वळून तेच: हे मी ठरवू शकत नाही. साहेबही नाही. तुम्ही.

काकांना राग आला. आपलं माणूस भेटलं असं वाटावं आणि त्याने पाठ फिरवावी, तसा. ते तिच्याकडे बघेनात. मग त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले, जणू वेत विणायला घेण्याआधी हत्यारं तपासताहेत. आणि सावकाश म्हणाले, "हात माझे आहेत. मी ठरवेन तेव्हा चालतील. वकील आल्यावर." त्यांनी दोन्ही तळवे काखेत घातले आणि पाठ टेकून बसले. "काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच 'म्हणाले'. तिने सांगितलं. साहेबांनी एक प्रश्न तरीही विचारून बघितला. तिने तो पोहोचवला. काकांच्या तळव्यांनी काख सोडली नाही. इतका भरभक्कम गप्पपणा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. हवालदाराने 'मान्य केला'च्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी आपली सही केली.

अकरा वाजता वकीलबाई आल्या, बुटक्या, चपळ, खांद्याला जड पिशवी. काकांची बायकोही आली. तीही बहिरी. आल्या आल्या बायको नवऱ्याला जे बोलली त्याचं भाषांतर करायला कुणी सांगितलं नाही, आणि दुभाषी म्हणून तिनेही केलं नाही. वकीलबाईंच्या शेजारी बसून काकांनी सगळं सांगितलं: सत्तावीस नंबरच्या बाईंनी खुर्ची ओसरीवर ठेवते, घेऊन जा, असं लिहून दिलेलं, आकडे उलटे वाचले गेले, सकाळी लवकर गेले कारण वेत भिजत घातला होता. खिशातला कागद निघाला. सत्तावीसच्या बाई स्वतः येऊन गेल्या, आपली खुर्ची अजून ओसरीवरच आहे म्हणून. दुपारी दोनला काकांना सोडलं. घड्याळाचं काय झालं, ते सापडलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. निघताना साहेबांनी तिला थांबवून विचारलं, "ती परत सांगायला लावायची युक्ती, ती सगळ्यांनाच लागू पडते का? ऐकू येणाऱ्यांनासुद्धा?" ती म्हणाली, करून बघा. काकांनी तिचा निरोप घेतला नाही. रस्ता ओलांडून गेल्यावर मात्र त्यांनी वळून एक हात वर केला आणि विमान उतरवल्यासारखा खाली आणला.

घरी जायच्याऐवजी ती दादाच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे पुस्तकबांधणीची एक खोली. खळीचा वास, दाबयंत्र, दोरा ओवलेल्या सुया भिंतीवर टोचलेल्या. दादाने तिला बघून नाकाच्या शेंड्याला चिमटा घेतला. ते तिचं नाव होतं. लहानपणी तिला बारमाही सर्दी असायची, त्यावरून त्याने ठेवलेलं. पन्नाशीला आली तरी बदलायला तयार नव्हता. "काय गं शेंबडे, तोंड का असं?" तिने सांगितलं. चौकीचं सांगता सांगता काचेचं आलं, आणि मग चाळीस वर्षं जे सांगितलं नव्हतं ते आलं: मी तुला मान हलवायला सांगितली, म्हणून तू गेलास. सांगताना तिच्या खुणा मध्येच तुटत होत्या, बोलणाऱ्याचा आवाज फुटतो तशा. दादा हातातलं पुठ्ठ्याचं काम बाजूला ठेवून नीट बघत होता. मग त्याने विचारलं, "कुठली काच? औषधवाल्याची?"

"हो."

"ती मीच फोडली होती."

"तू?"

"दगडाने. त्याचा कुत्रा रोज माझ्या मागे लागायचा. भुंकणं ऐकू येत नाही ना, थेट चावायलाच यायचा. कुत्र्याला मारला, काचेला लागला." त्याच्या चेहऱ्यावर दहा वर्षांच्या मुलाचं समाधान होतं. "पोलीस आला तेव्हा तो काय विचारतोय ते तुझ्या आधी मला कळलं होतं. तू खूण केलीस म्हणून नाही हलवली मी मान."

"पण शाळा... तुला पेटी भरून पाठवलं..."

"हो, पाठवलं." दादा स्टूल ओढून तिच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणी बसत तसा. "आपल्या घरात खुणा किती होत्या आठवतंय? मी मोजल्या होत्या. अकरा. पाणी, भूक, ये, जा, थांब, अशा. आणि तुझं नाक. दहा वर्षांचा मुलगा मी आणि माझ्याजवळ अकरा शब्द. त्या शाळेत पहिल्या दिवशी जेवणघराचं दार उघडलं, तर साठ मुलं बोलत होती. हातांनी. सगळी एकदम. मी दारातच रडलो. चार वर्षं सुट्टीत घरी यायला मला नको वाटायचं, हे आईला कळू नये म्हणून मी तुलाही सांगितलं नाही." तो थांबला, आणि तिच्या मांडीवर पडलेला हात उचलून त्याने बाजूला केला, म्हणजे तिने मध्ये काही बोलू नये. "तू माझ्या वतीने रडतेस. नेहमी. एकदा मला विचारायचंस तरी."

ती हसायला लागली, मग तिला रडू आलं, मग दोन्ही एकदम. आणि दादा, ज्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं, तो खळीच्या बोटांनी तिच्या नाकाला चिमटा घेऊन नाकाला खळ लावून बसला.

खुर्चीवाल्या काकांची हकीकत त्याला मात्र स्वस्थ बसू देईना. चौथ्या दिवशी त्याने निरोप धाडला: रविवारी कारखान्यात सगळ्यांना बोलावतोय, तुझ्या वकीलबाईंना आण. वीस-बावीस माणसं आली. शिंपी, रंगारी, छापखान्यातले दोघे, एक आजी. काका आणि त्यांची बायको पुढे बसली. दाबयंत्र ढकलून जागा केली होती. वकीलबाई उभ्या राहून बोलत होत्या आणि ती शेजारी उभी राहून हातांनी सांगत होती: का आणलं ते विचारा. वकील मागा, दुभाषी मागा. कळलं नाही तर मान हलवू नका, हात वर करून सांगा, कळलं नाही. काकांनी उठून तळवे काखेत घालून दाखवले, आणि बावीस माणसांनी तळवे काखेत घातले, आजीसुद्धा. वकीलबाईंना मोठी मजा वाटली. "फारच छान," त्या म्हणाल्या, "आता कुणाला काही विचारायचंय?"

दादाने हात वर केला. ती त्याच्याकडे बघत त्याचं बोलणं तोंडाने सांगू लागली, नेहमीसारखं, त्याच्या 'मी'मध्ये. "तुम्ही म्हणता, हात वर करून सांगा. बेड्या घालतात तेव्हा हात मागे बांधतात. तुमचे हात बांधले तर तुम्हाला ओरडता येतं, वकील मागता येतो. माझे हात मागे बांधले तर मी कशाने मागायचं?"

वकीलबाईंनी पिशवीतून वही काढली, पुस्तक काढलं, पुस्तकाची पानं पुढे-मागे केली. खोलीतले सगळे डोळे तिच्या हातांकडे लागले होते, आणि तिचे हात स्थिर होते, कारण सांगायला काहीच आलं नव्हतं. तिला वाटलं, आपण काहीतरी भरीला घालावं, बाई शोधताहेत, जरा थांबा, असं. तिने घातलं नाही. दादाही घाई करत नव्हता. बऱ्याच वेळाने वकीलबाईंनी पुस्तक मिटलं, वहीचं कोरं पान काढलं आणि जवळचं स्टूल ओढून त्याच्या समोर बसल्या.

"हे मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. परत सांगा, सावकाश. मी लिहून घेते. हे कोर्टात विचारायला हवं."

तिने ते त्याला सांगितलं. दादाने बाह्या वर सारल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.